आणखी काही चालू आहे का

"दोन्ही तुमचीच?" औषधवालीनं तिला विचारलं आणि पाकीट शोधणारा तिचा हात पर्समध्येच राहिला.

पाकीट काढताना पर्समधून कॅप्सूलची पट्टी सुटून काउंटरवर पडली होती. अर्धीअधिक रिकामी, उरलेल्या खणांत लाल कॅप्सूल. शेजारी औषधवालीनं आत्ताच आणून ठेवलेला, दिवस राहू नयेत म्हणून लावायच्या पॅचचा खोका. गेले काही महिने या दोन्ही वस्तू तिच्या अंगात आणि अंगावर एकत्र नांदत होत्या, पण एकमेकींच्या शेजारी तिनं त्या कधी बघितल्या नव्हत्या. कॅप्सूल स्वयंपाकघरात पाण्याच्या भांड्याजवळ असायची, पॅच कपाटात, मोज्यांच्या खणात. एकाच घरात राहून एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या जावांसारख्या.

"हो," ती म्हणाली. "का?"

औषधवालीनं गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला, पट्टी उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचलं आणि पुन्हा सुलट केली. "ही क्षयाची आहे."

"मला क्षय नाही," ती घाईघाईनं म्हणाली. मागे एक गृहस्थ खोकल्याची बाटली हातात धरून उभे होते, ते अर्धं पाऊल मागे सरले. "आईला होता. मी तिचं सगळं करत होते, म्हणून खबरदारी म्हणून दिलीय. संपतच आलीय आता."

"आणि पॅच लावता ते सांगितलं होतं तिथं?"

औषधवालीनं आवाज खाली आणला. "हे बघा, लोक सगळ्याच औषधांना उगाच घाबरतात. तापाची गोळी, डोकेदुखीची, पित्ताची, घसा धरला की देतात ती नेहमीची अँटिबायोटिक, यांचं पॅचशी काही वाकडं नाही. वाकडं आहे ते मोजक्यांचं. फिट येतात त्यांच्या काही गोळ्या, उदास वाटतं म्हणून लोक परस्पर घेतात ते एक झाडपाल्याचं औषध, आणि ही. ही तर त्यांची म्होरकी."

"पण पॅच पोटात जातच नाही ना? तो कातडीवर, ही पोटात. दोघांची गाठ पडते कुठं?"

"यकृतात. पॅचमधलं औषध कातडीतून रक्तातच उतरतं, आणि रक्त फिरत फिरत यकृतातून जातंच. या कॅप्सूलनं यकृताला असं कामाला जुंपलेलं असतं की समोर येईल ते मोडून टाकायचं. पॅच आपला लावलेला दिसतो. पण रक्तात त्याचं उरतं कितीसं?"

"म्हणजे कॅप्सूल बंद करू?"

"अजिबात नाही. परस्पर काही बंद करायचं नाही. डॉक्टरांना भेटा. तोवर पॅचच्या भरवशावर राहू नका, नवऱ्याला काळजी घ्यायला सांगा, आणि कॅप्सूल संपल्यावरही महिनाभर तसंच." तिनं मागे वळून फळीवरचं चाचणीचं एक चपटं पाकीट काढलं आणि ते पॅचच्या खोक्यावर ठेवलं. "आणि हे करून घ्या. आजच."

मागच्या गृहस्थांनी घसा खाकरला. तिनं पैसे दिले, सगळं पर्समध्ये कोंबलं. बाहेर आल्यावर लक्षात आलं की बाबांची पित्ताची गोळी घ्यायला आपण गेलो होतो आणि तीच राहिली. परत आत जायचा धीर झाला नाही.

कापड रंगवायच्या कारखान्यात ती छटा जुळवायची. गिऱ्हाईकानं पाठवलेला नमुना आणि आपल्या बॅचमधला तुकडा शेजारी शेजारी धरून दोन्ही एक आहेत की नाहीत ते सांगायचं, एवढंच काम, पण त्यात तिच्या शब्दावर मोठमोठी पिंपं थांबायची. त्या दुपारी तिच्यासमोर एक राखाडी होता. राखाडी हा सगळ्यांत खोडसाळ रंग. तो कधी निळ्याकडे कलतो, कधी हिरव्याकडे, आणि थकलेल्या डोळ्यांना तर तो ज्याचं नाव घ्याल त्याच्यासारखा दिसतो. तिनं तुकडा उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. मळमळत होतं. मळमळ गेले कित्येक दिवस होती, आणि तिचं तिनं केव्हाच ठरवून टाकलं होतं. आधी ती कॅप्सूलची होती. दवाखान्यातल्या नर्सनंच सांगितलं होतं, पहिले काही दिवस पोट ढवळेल म्हणून. मग आई गेली आणि ती दुःखाची झाली. दुःखाच्या नावावर काहीही खपतं. झोप नाही, दुःख. झोपच झोप, दुःख. भाजीच्या फोडणीचा वास नको झाला, दुःख. पॅच न लावायच्या आठवड्यात येणारी पाळी आधी नुसते डाग दाखवून गेली आणि गेल्या खेपेला आलीच नाही, तेव्हा शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली होती, "अगं, एवढा डोंगर कोसळल्यावर अंगाचं घड्याळ बिघडणारच. माझी वहिनी तर वर्षभर अशीच." तिला ते पटलं होतं. पटलं होतं म्हणण्यापेक्षा बरं वाटलं होतं. आई गेल्याची काहीतरी खूण अंगावर असावी असं तिला वाटत होतं, कारण तिच्याकडे दुसरी खूण नव्हती. ती रडून लोळली नव्हती, कामावर लवकर परतली होती, लोकांशी नीट बोलत होती. निदान रक्त तरी थांबलंय, अंगाला तरी कळलंय, असा एक विचित्र अभिमान तिनं मनातल्या मनात बाळगला होता. आणि आता तो अभिमान दुसऱ्याच कुणाचा निघाला तर? आईसाठी म्हणून आपण जे जपलं ते आईचं नसलंच तर? तिला एकदम लाज वाटली, आणि ती लाज कशाची हेही नक्की सांगता येईना.

"झालं का?" साहेबांनी दारातून विचारलं.

"अजून नाही. थोडा लालाकडे जातोय."

"लालाकडे? राखाडी?"

तिनं पुन्हा बघितलं. तो लालाकडे जात नव्हता.

आई घरातल्या सगळ्यांची अंगं पाठ असलेली बाई होती. कुणाला कशानं पुरळ उठतं, कुणाला कुठली गोळी चढते, कुणाच्या दाढेत कधी सिमेंट भरलं, सगळं तिच्या डोक्यात. ती घरीच पडदे शिवायची, मशीन चालवता चालवता मागे न बघता म्हणायची, "तुला ते चालत नाही, ठेव." ती आजारी पडल्यावर हे खातं बाबांकडे आलं. बाबा शाळेत पीटीचे सर. आयुष्यभर त्यांनी पोरांना रांगेत उभं केलं होतं आणि रांगेतल्या कुणाचंही काही दुखत असेल तर ते रांगेतून बाहेर आल्यावरच दुखावं अशी त्यांची समजूत होती. दवाखान्यात जायचं ते सगळ्यांनी मिळून, आणि विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं ते बाबांनी, ही घरची जुनीच रीत. आई पहिल्यांदा खोकल्यासाठी डॉक्टरांकडे गेली तेव्हा डॉक्टर आईकडे बघून विचारत होते आणि उत्तरं बाबा देत होते. "तिला काही नाही हो. कापडाची धूळ. पडदे शिवते ना." आईनं मान हलवली होती. डॉक्टरांनी खोकल्याचं पातळ औषध दिलं होतं. पुढचे कितीतरी आठवडे आई धूळच खोकत राहिली.

आणि मग, आईला वॉर्डात ठेवल्यावर, घरातल्यांची तपासणी. ती आणि बाबा एका बाकावर. नर्स चटपटीत, हातात पेन. "ही कॅप्सूल रोज, चुकवायची नाही. लघवी, घाम, डोळ्यांतलं पाणी, सगळं नारिंगी होईल, घाबरायचं नाही. आणखी काही चालू आहे का? गोळ्या, इंजेक्शन, काही?" बाबा ताठ बसून म्हणाले, "मला रक्तदाबाची आहे. हिला काही नाही." तिच्या कमरेला, पँटच्या पट्ट्याखाली, त्याच क्षणी पॅचचा एक कोपरा खाजत होता. हे तिला अगदी स्पष्ट आठवत होतं. ती काही बोलली नाही. बापासमोर असल्या गोष्टी बोलायच्या नसतात म्हणून? ते होतंच. पॅच म्हणजे औषध असं डोक्यातच नव्हतं म्हणून? तेही खरं, औषध आजारी माणसाला असतं, आणि तिनं तो आजारी पडू नये म्हणूनही लावला नव्हता. पण त्याहून खरं असं होतं, की बाबांच्या त्या ताठ पाठीकडे बघून तिला वाटलं होतं, यांचं एक तरी उत्तर बरोबर असू दे. भिंतीपलीकडे आई खोकत होती. नर्सनं पुढच्या ओळीवर पेन नेलं.

तिथून कवायत सुरू झाली. रोज सकाळी बाबांचा फोन. "पाणी घेतलंस?" "घेतलं." "कॅप्सूल हातात?" "हातात." "एक, दोन, गिळ." दोघं आपापल्या घरी एकाच वेळी गिळायचे, आणि बाबा समाधानानं "शाब्बास" म्हणायचे. आई गेली त्या दिवशीही फोन आला होता. बाबा "एक" म्हणाले आणि पुढचं म्हणू शकले नाहीत. "दोन" तिनं म्हटलं होतं. एक दिवस चुकला नव्हता. बाबा ते सगळ्यांना सांगायचे, जसं पूर्वी शाळेची ढाल सांगायचे. आता तिला ते आठवून हसू आलं, फार वाईट हसू. एखादा दिवस चुकला असता, आळस केला असता, तरीही काही फरक पडला नसता म्हणा. पण इतक्या इमानानं, शिट्टीच्या तालावर, आपण आपल्याच अंगातलं दुसरं औषध रोज मोडत होतो, आणि शाब्बासकी घेत होतो.

संध्याकाळी कारखान्यातून निघाल्यावर तिनं नवऱ्याला फोन केला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. फोनमध्ये त्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येत होता.

"कुठं आहेस?"

"दोन मजल्यांच्या मधे. त्रिशंकू. बोल."

तिनं सांगितलं. रस्त्याच्या कडेला, एका बंद दुकानाच्या पायरीवर उभी राहून, दुसऱ्याची बातमी सांगावी तसं सांगितलं. कॅप्सूल, पॅच, यकृत. तो ऐकत होता. कुठंतरी साखळी खणखणली.

"म्हणजे इतके दिवस आपण..." तो म्हणाला.

"हो."

"बिनब्रेकची चालवत होतो."

"हसू नकोस."

"हसत नाहीये गं. पाचावर धारण बसलीय माझी, तोंडातून असंच काहीतरी निघतं." मग थोडं थांबून, "तू केलंस ते? चाचणीचं?"

"नाही अजून. बाबांकडे चाललेय. आज माझा वार आहे."

"मी येतो तिकडं. हे सुटलं की येतो. आणि ऐक, काय असेल ते असेल, तू म्हणशील तसं. तू ठरव."

तिनं फोन पर्समध्ये टाकला. तू ठरव. चांगला माणूस होता, चांगल्या मनानंच बोलला होता, आणि तरी त्या दोन शब्दांनी तिला पायरीवर एकटीला उभं केलं. लग्नानंतर पहिल्या वर्षी दोघांनी मिळून म्हटलं होतं, सध्या नको. मग ते सध्या लांबत गेलं. त्यात घराचं भाडं आलं, त्याची नवी नोकरी आली, आईचा खोकला आला. नको कधी म्हटलंच नाही आणि हवंही म्हटलं नाही. दर आठवड्याला एक पॅच काढायचा, दुसरा लावायचा, कातडीवर गोंदाची एक करडी चौकट राहायची, ती तेलानं घासून काढायची. ठरवायचं काम इतकी वर्षं त्या चौकोनाकडे दिलं होतं. आणि तो कामावर नव्हताच.

दिवस राहिले असतील तर ती कुठली दुपार असेल, हे तिला ठाऊक होतं. म्हणजे खात्रीनं कुणालाच ठाऊक नसतं, पण तिला ठाऊक होतं. आई गेल्यावर बाबांच्या घरात ऑक्सिजनचं मशीन तसंच उभं होतं, तिला वॉर्डातून घरी आणलं तेव्हा भाड्यानं घेतलेलं, आणि बाबा त्याच्यावरून दिवसातून दोनदा फडकं फिरवायचे. शेवटी तिनं आणि नवऱ्यानं ते उचललं, गाडीत घातलं, दुकानात परत केलं. दुकानदारानं नळी तपासली, बटण चालू करून बघितलं, मशीन पुन्हा तोच श्वास घ्यायला लागलं, आणि तो म्हणाला, "उत्तम ठेवलंय." तिथून ते दोघं आपल्या घरी आले. खिडकीचे पडदे आईनंच शिवलेले, ते ओढून घेतले. कुणी कुणाला जवळ घेतलं ते आठवत नव्हतं. आठवत होतं ते एवढंच, की आजारपणात महिनोन् महिने तिनं दुसऱ्याचं अंग फक्त उचलायला, पुसायला, कुशीवर वळवायला हात लावला होता, आणि आता एक जड, गरम, निरोगी अंग होतं जे आपलं आपण हलत होतं. तिला रडू फुटलं. आई गेल्यापासून पहिल्यांदा, आणि ते अशा वेळी. नवऱ्यानं तिचा चेहरा हातात धरला आणि तो ताडकन उठून बसला. "अगं, रक्त! डोळ्यांतून रक्त येतंय तुझ्या!" उशीच्या पांढऱ्या अभ्र्यावर नारिंगी डाग पडले होते. तिनं त्याच्याकडे बघितलं, उघडा, केस विस्कटलेला, फोन शोधत होता रुग्णवाहिका बोलवायला, आणि तिला हसू आलं. रडता रडता ती इतकी हसली की पोटात कळ आली. "औषधाचं आहे, येड्या," ती म्हणाली, "सांगितलं होतं ना तुला." मग तोही हसला, आणि हसत हसतच ते पुन्हा जवळ आले. नंतर कितीतरी दिवस तिला त्या हसण्याची बोच होती. आईचं मशीन परत करून आलेली बाई.

बाबांनाही तीच कॅप्सूल होती. त्याचा अर्थ तिला एकदा त्यांचे कपडे मशीनला लावताना उमगला. बाबा कुणासमोर रडले नव्हते. लोक भेटायला यायचे तेव्हा तेच लोकांना धीर द्यायचे, "चला, नॉर्मल व्हायचं आता" असं शाळेतल्यासारखं म्हणायचे. पण धुवायच्या टोपलीत तळाशी त्यांचे पांढरे रुमाल होते, आणि एकेका रुमालावर तो नारिंगी. तिनं पुष्कळ रंग बघितले होते, हा कुठल्याच नमुन्यात नव्हता. तिनं रुमाल वेगळे धुतले, वाळत घातले, घडी करून जागेवर ठेवले. बाबांनी विचारलं नाही की डाग कसे गेले.

ती पोचली तेव्हा बाबा अंडी उकडत होते. "पाच मिनिटं उशीर," ते म्हणाले. "पित्ताची गोळी?"

"राहिली."

"राहिली म्हणजे? त्याच दुकानावरून येतेस ना?"

"राहिली बाबा. उद्या आणते."

त्यांनी तिच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. "चेहरा उतरलाय. जेवली नाहीस दुपारी. काही नाही, अंडी खा, बरं वाटेल."

"हात धुऊन येते."

बाथरूममध्ये आईचं अजून बरंच होतं. कंगवा, केसांचे चाप, पाय घासायचा दगड. तिनं तिकडं न बघता पाकीट फाडलं. सूचना वाचली, पुन्हा वाचली. वाचलेलं डोक्यात शिरत नव्हतं. वाट बघताना तिच्या मनात मावशी आली. आईची धाकटी बहीण, मायेची, तोंडाळ, रोज संध्याकाळी फोन करणारी. आई गेल्यावर मावशीनं तिला कवटाळून कानात म्हटलं होतं, "रडू नकोस. तुझ्या पोटी येईल बघ ती. माझं वाक्य लिहून ठेव." तेव्हा तिला अंगावर पाल पडल्यासारखं झालं होतं. आता ती पाल पुन्हा मानेवरून सरकली. या पट्टीवर जर दोन रेघा उमटल्या तर लोक काय म्हणतील ते तिला आत्ताच ऐकू येत होतं. आई आली हो. डोळे बघा, तिचेच. रिकामी जागा भरली. आणि जे असेल ते बिचारं जन्माला यायच्या आधीच कुणाची तरी जागा भरायला लागेल. आणि आई, जी एकदाच झाली होती, जी मशीनवर बसून मागे न बघता बोलायची, ती सगळ्यांच्या लेखी परत आलेली असेल, म्हणजे गेलेली नसेल, म्हणजे तिचं दुःख करायचंही कारण उरणार नाही. नको, तिला वाटलं. एकाच्या बदल्यात दुसरं नको. आणि लगेच वाटलं, नको म्हणतेय ते कशाला? त्या बोलण्याला, की यालाच? तिला दोन्ही वेगळी करता येईनात. आयुष्यभर हेच तर काम केलं, दोन शेजारी धरून वेगळं काय ते सांगायचं, आणि आता स्वतःच्या आतल्या दोन गोष्टी एकमेकींत विरघळलेल्या.

रेघा दोन होत्या. वाद घालायला जागाच नव्हती, ठसठशीत होत्या.

"अगं, आत झोपलीस का?" बाबांनी दार वाजवलं. "अंडी गार होतायत."

ती बाहेर आली. टेबलाशी बसली. बाबांनी तिच्या ताटलीत अंडं ठेवलं, मीठ पुढं केलं, आणि ती जेवत नाही हे बघून स्वतःही थांबले. तिनं विचार केला होता की नवरा आल्यावर बोलू, किंवा बोलूच नये आज. पण बाबा समोर बसले होते, बाह्या सारख्या दुमडलेल्या, आणि उद्या सकाळी सात वाजता तेच विचारणार होते, हातात घेतलीस? तिनं सांगितलं. जमेल तेवढ्या कमी शब्दांत. पॅच, कॅप्सूल, चाचणी. "दिवस गेलेत मला," ती म्हणाली, आणि आपण हे वाक्य बापाला सांगतोय याचं तिला नवल वाटलं.

बाबांच्या चेहऱ्यावर आनंद उमटेल या भीतीनं ती खाली बघत होती. वर बघितलं तेव्हा तिथं आनंद नव्हता.

"नर्सनं विचारलं होतं," ते म्हणाले.

"बाबा..."

"आणखी काही चालू आहे का म्हणून. मी म्हणालो, हिला काही नाही." त्यांनी मिठाची डबी बंद केली, उघडली, पुन्हा बंद केली. "तुझ्या आईच्या वेळीही मीच म्हणालो होतो. धूळ आहे म्हणून."

हे ते पहिल्यांदाच बोलत होते. घरात हे वाक्य इतके महिने सगळ्यांच्या ताटाशी बसत होतं आणि कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं. तिला एकदम कळलं की आत्ता आपण काय म्हणतो यावर समोरचा माणूस झोपणार की नाही ते ठरणार आहे. हवंच होतं आम्हाला, बाबा, बरंच झालं, असं म्हणणं किती सोपं होतं. त्यांच्या खांद्यावरचं ओझं एका झटक्यात उतरलं असतं, त्यांनी रुमाल काढला असता, आणि एवढी मोठी गोष्ट बापाची समजूत काढण्यापायी ठरून गेली असती. कुणीतरी पुन्हा एकदा तिच्या वतीनं उत्तर दिलं असतं, फक्त या वेळी ते तिनं स्वतःच दिलं असतं.

"मी पण तिथंच बसले होते," ती म्हणाली. "मला तोंड होतं. मी नाही बोलले."

"तू कशी बोलणार माझ्यासमोर."

"तेच. पण ते तुमचं एकट्याचं नाही." तिनं ताटली थोडी बाजूला सारली. अंड्याचा वास सहन होत नव्हता. "आणि आईचं वेगळं, हे वेगळं. ते एकत्र नका करू. कुणीच नका करू."

"मग हे... चांगलं आहे की नाही?" बाबांनी विचारलं. एखाद्या पोरानं मैदानावर विचारावं तसं, सर, आत आहे की बाहेर?

"मला माहीत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे हवं की नको ते मला माहीत नाही. खोटं नाही बोलत. खरंच माहीत नाही."

बाबांनी मान हलवली. त्यांना आयुष्यात असं उत्तर चाललं नव्हतं. पण ते शिट्टी नसलेल्या माणसासारखे नुसते बसून राहिले. "कॅप्सूल घ्यायची का उद्या?"

"ते डॉक्टर सांगतील. उद्या सकाळी सगळ्यात आधी तिथंच जाते."

"मी येतो."

"या. पण बाहेर बसायचं."

"बाहेर कुठं?"

"बाकावर. आत मी एकटी जाणार."

"बाकावर," बाबा म्हणाले. त्यांनी त्या बाकाचा विचार केलेला दिसला. "आणि आतून बाहेर आलीस की मला सांगशील? की तेही..."

"सांगेन. मला सांगावंसं वाटेल तेवढं."

फोन वाजला. तो बाबांचा होता, पाण्याच्या भांड्याला टेकवून ठेवलेला, आणि त्यावर मावशीचं नाव होतं. बाबांनी तिच्याकडे बघितलं. त्यांनी फोन उचलला, सवयीनं स्पीकरवर टाकला.

"भावोजी, जेवलात का?" मावशीचा आवाज खोलीभर झाला. "आज पोरगी आलीय ना तुमच्याकडे? कशी आहे? परवा मला फोनवर फार मरगळलेली वाटली. खाते का नीट? काही होतंय का तिला?"

बाबांचं तोंड उघडलं. तिनं ते उघडताना बघितलं. ते दोन शब्द, काही नाही, ओठांपर्यंत आलेले तिला स्वच्छ दिसले. बाबांनी तोंड मिटलं. स्पीकर बंद केला. फोन टेबलावरून तिच्याकडे सरकवला, आणि मिठाची डबी घेऊन उठता उठता मोठ्यानं, मावशीला ऐकू जाईल असं म्हणाले, "इथंच आहे ती. तिलाच विचार."

तिनं फोन कानाला लावला.

"काय गं?" मावशी म्हणाली. "काही झालंय का?"

स्वयंपाकघरात बाबांनी नळ सोडला होता, जरुरीपेक्षा मोठा.

"झालंय, मावशी," ती म्हणाली. "पण आज नाही सांगत."